न पाडलेल्या डागाचे पैसे

हॉस्टेलच्या फळ्यावर नोटीस लागली तेव्हा परीक्षेला तीन आठवडे होते. शेवटचा पेपर संपल्यापासून चोवीस तासांत खोली रिकामी करून किल्ली ऑफिसात जमा करावी, आणि खाली लाल शाईने, मुदतवाढ मिळणार नाही. मी ती वाचली आणि मनात म्हटलं, चोवीस तास कशाला लागतात? दोन तासांचं काम. एक पलंग, एक कपाट, एक टेबल. आले तेव्हा दोन बॅगा आणि एक बादली होती, जातानाही तेवढंच असणार.

वर्षभरात प्रत्येक सुट्टीनंतर घरून एक पिशवी यायची आणि परत कधीच जायची नाही, हे त्या हिशेबात नव्हतं. थंडीत ब्लँकेट आलं, पावसाळ्यात दुसरी छत्री आली (पहिली हरवली असं समजून, ती कपाटावर होती). स्नेहसंमेलनातल्या नाटकाचा एक पुठ्ठ्याचा मुकुट होता, तो फेकायचा कसा म्हणून राहिला. कपाटाच्या तळाशी सहा चार्जर निघाले. त्यांतले दोन कशाचे, ते आजही सांगता येणार नाही.

पण मला जे सांगायचंय ते सामानाबद्दल कमी आणि एका कागदाबद्दल जास्त आहे.

तो कागद मी पहिल्याच दिवशी भरला होता. प्रवेशाच्या दिवशी ऑफिसबाहेर ही रांग. पुढे सरकता सरकता एक छापील फॉर्म हातात आला: पलंग १, गादी १, टेबल १, खुर्ची १, कपाट १, पंखा १, ट्यूबलाइट १. समोर 'स्थिती' नावाचा रकाना, आणि त्यात वरपासून खालपर्यंत एकाच हाताने आधीच लिहून ठेवलेलं 'ठीक'. मी तोवर खोली पाहिलीसुद्धा नव्हती. लिहायला टेकू नव्हता म्हणून बाबांना जरा वाकायला सांगितलं, त्यांच्या पाठीवर कागद ठेवून सही केली आणि किल्ली घेतली. बाबा म्हणाले, "वाचलास का गं?" मी म्हटलं, "सगळ्यांना हाच असतो."

खोलीत शिरल्यावर दिसलं की टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात एक काळा गोल डाग आहे, तळहाताएवढा. जुनं लाकडी टेबल, पॉलिश बरंचसं उडालेलं. मी त्या डागावर बादली ठेवली आणि वर्षभरासाठी त्याला विसरून गेले.

आवराआवरीची सुरुवात मी कागदांपासून केली, कारण ते सोपं वाटलं. सोपं अजिबात नव्हतं. कपडे घ्यायचे की नाही हे एका नजरेत ठरतं. नोट्सचं तसं नाही, प्रत्येक पान वाचावंसं वाटतं. वहीच्या मागच्या पानावरची फुली-गोळ्याची हारजीतसुद्धा. पहिल्या संध्याकाळी तीन तास बसले आणि कचऱ्याच्या पिशवीत अकरा कागद गेले. मग वजनाने विचार केला. नेहमीचा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-फोर कागद जवळजवळ ५ ग्रॅमचा असतो. पाचशे कागदांचा गठ्ठा म्हणजे अडीच किलो. माझ्याकडे झेरॉक्स आणि प्रिंटआउट मिळून चौदाशेच्या आसपास पानं होती, म्हणजे सात किलो. सात किलो पाठीवर घेऊन जिने उतरायचे आहेत, असं स्वतःला सांगितल्यावर हात सुटला. ज्याची फाइल लॅपटॉपमध्ये आहे ते सगळं रद्दीत. हाताने लिहिलेलं तेवढं ठेवलं.

त्यानंतर सामाईक वस्तूंचा प्रश्न. रूममेटचे पेपर माझ्या चार दिवस आधी संपत होते, त्यामुळे वाटणी तिच्या जाण्याआधी करायला हवी होती. वर्षाच्या सुरुवातीला आम्ही पाण्याची इलेक्ट्रिक किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, आरसा आणि पायपुसणं निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलं होतं. घेताना कुणी विचार करतं का, की हे मोडायचंय कसं? ती म्हणाली, "तू घे गं सगळं, मला विमानात कुठे नेता येणार." हा उदारपणा वाटतो, पण त्याचा अर्थ असा की ते सगळं उचलायची जबाबदारी माझी. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. मला किटली आणि पायपुसणं, तिला बोर्ड आणि आरसा. आरसा तिने तिथेच शेजारच्या खोलीत देऊन टाकला. किटलीच्या तळाला क्षारांचा पांढरा थर बसला होता. लिंबूसत्व घालून पाणी उकळलं आणि तासभर ठेवलं, तेवढ्यात तो सुटला. ही एक गोष्ट मात्र दोन तासांत होईल म्हटल्यावर खरोखर दोन तासांत झाली.

तिचं पॅकिंग पाहून मला वाटलं होतं, ही किती व्यवस्थित आहे. कपडे गुंडाळ्या करून, शाम्पूच्या झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, चपला पिशवीत. विमानतळावरून तिचा फोन आला तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि अख्खी बॅग उघडी होती. पॉवरबँक तळाशी. लिथियमची बॅटरी पेटली तर ती माणसांच्या डोळ्यांसमोर असावी म्हणून ती जवळच्या बॅगेतच न्यावी लागते, चेक-इनच्या सामानात चालत नाही. तिची पॉवरबँक २०,००० एमएएचची, म्हणजे २० अँपिअर-तासांची; ३.७ व्होल्टने गुणलं तर ७४ वॉट-तास. जवळ बाळगायची सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तासांची, त्यामुळे मोठेपणाचा प्रश्न नव्हता. फक्त ती कुठे ठेवली आहे हा प्रश्न होता. गुंडाळ्या सगळ्या सुटल्या.

ती गेल्यावर खोलीची तिची बाजू रिकामी दिसायला हवी होती. तशी ती दिसत नव्हती. पलंगाखाली एक चप्पल (एकच), खिडकीला बांधलेली नायलॉनची दोरी, भिंतीवर कॅलेंडर, कपाटात नऊ हँगर. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "अगं ते तसंच राहू दे, कुणाच्या तरी उपयोगाला येईल." असं म्हणून सोडलेली वस्तू शेवटपर्यंत थांबणाऱ्याच्या गळ्यात पडते. आता कुणी खोली सोडताना मला विचारलंच तर मी एवढंच सांगेन की दोघींपैकी आधी जाणारीला तिची बाजू तपासून, कागदावर सही घेतल्याशिवाय जाऊ देऊ नका. मैत्रीचा त्यात काही संबंध नाही. खोली दोघींच्या नावावर असली आणि चूक कुणाची ते ठरलं नाही, तर आमच्याकडे डिपॉझिटमधली कपात निम्मी-निम्मी होत असे, आणि ज्या निम्म्या बाजूने भांडायचं ती गावाला निघून गेलेली.

भिंतींची गोष्ट माझ्या अंगलट आली. मी वर्षभर चिकटपट्टीचे ते प्लास्टिकचे हुक वापरले होते, ज्यांच्या पाकिटावर 'भिंतीला इजा नाही' असं लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण पुढचं वाक्य कुणी वाचत नाही. हुकाच्या मागच्या पट्टीचं खालचं टोक धरून भिंतीला समांतर, सरळ खाली, हळूहळू ताणायचं. पट्टी लांब होत होत आपोआप सुटते. मी पहिला हुक सरळ स्वतःकडे ओढला. त्याच्याबरोबर नाण्याएवढा रंग आला. उरलेले चार नीट काढले. पोस्टरच्या दुहेरी टेपला शेजारणीचा हेअर ड्रायर मिनिटभर दाखवला की गोंद मऊ पडायचा. कपाटाच्या दारावर जो चिकट राप राहिला तो तेलाच्या बोटाने आणि मग साबणाच्या फडक्याने गेला.

नाण्याएवढ्या खड्ड्यावर सीनियर मुलींनी टूथपेस्ट सुचवली. हा हॉस्टेलमधला सनातन उपाय आहे आणि तो पांढऱ्या भिंतीवरच चालतो. आमची भिंत एके काळी पांढरी असावी. टूथपेस्ट लावल्यावर त्या मळकट भिंतीवर तो ठिपका असा उठून दिसायला लागला, जणू कुणी खूण करून ठेवली आहे की इथे बघा. मी तो पुन्हा ओल्या कापसाने पुसून काढला.

खोकी. खोक्यांबद्दल माझ्याकडे ज्ञान होतं असं मला वाटत होतं. मोठं खोकं घेतलं, सगळी पुस्तकं एकात बसवली, वरून टेप लावली आणि अभिमानाने उचलायला गेले. उचललं गेलंच नाही. ढकलत जिन्यापर्यंत नेलं, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तळ फाटला आणि अर्थशास्त्राची दोन पुस्तकं माझ्याआधी खाली पोचली. पुस्तकं लहान खोक्यात भरायची, मोठं खोकं उशा आणि ब्लँकेटसाठी. खोकं मोठं असलं की माणूस ते भरतोच, आणि पुस्तकं भरली की ते कुणालाच उचलत नाही. तळाला मधल्या फटीवर एक लांब पट्टी आणि दोन्ही कडांना आडवी एकेक लावली की तळ धरून राहतो. हँगरवरचे कपडे मी तसेच हँगरसकट चादरीत घेऊन गाठोडं बांधलं, ते मात्र फार बेस झालं. घरी जाऊन सरळ कपाटात अडकवले.

नो ड्यूजच्या, म्हणजे कुठेही काही देणं बाकी नाही अशा, सह्यांबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांनी त्या घेतल्या आहेत त्यांना माहीत आहे. लायब्ररी म्हणते आधी विभागाची आणा, विभाग म्हणतो आधी लायब्ररीची. मेसचा हिशेब पाच मिनिटांत झाला, खेळांच्या सामानाच्या खिडकीवर माणूस नव्हता. एवढंच सांगते की लायब्ररीच्या बाईंनी कार्डावर बोट ठेवून "एक पुस्तक बाकी आहे" म्हटलं, तेव्हा माझी आठ खोकी टेप लावून तयार होती आणि एकावरही आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं. पुस्तक सातव्यात सापडलं. म्हणजे सात उघडली, सात पुन्हा बंद केली, टेप संपली. आता मी मार्कर हातात घेतल्याशिवाय खोकं बंद करत नाही, आणि नाव वरच्या बाजूला न लिहिता उभ्या बाजूवर लिहिते, कारण रचल्यावर वरची बाजू दिसत नाही.

शेवटच्या पेपरची संध्याकाळ आणि रात्र झाडण्यात गेली. सकाळी मावशी आल्या, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पंखा पुसलास का? मॅडम आधी वर बघतात." मी वर्षभर तो पंखा एकदाही पुसला नव्हता. खुर्चीवर चढून पात्यांवर जुनी उशीची खोळ चढवली आणि ओढली; धूळ खोळीच्या आतच राहते, पलंगावर पडत नाही. मावशी पाहत होत्या. "हे बरंय," म्हणाल्या, आणि मला खोलीतल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा त्याचा आनंद झाला.

बरोबर अकराला रेक्टर मॅडम आल्या. हातात तोच कागद, माझी पाठीवरची वेडीवाकडी सही असलेला. पंखा पाहिला. ट्यूबलाइट लावून विझवली. गादी उलटवली. भिंतीवरच्या नाण्याएवढ्या खड्ड्यापाशी थांबल्या, मी म्हटलं, "तो माझा आहे, मॅडम." त्यांनी लिहिलं. कपाटाच्या आतली फळी एका बाजूने कलती होती, पण ती पहिल्याच आठवड्यात मी ऑफिसच्या तक्रारवहीत नोंदवली होती आणि तारखेसकट सापडली, ती सुटली. मग टेबल.

"हा डाग?"

"तो आधीपासून होता."

"इथे 'ठीक' लिहिलंय. खाली सही कुणाची?"

मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे फोटो आहे. पहिल्या दिवशी आईला पाठवला होता, खोली दाखवायला. फोनमध्ये मागे मागे जात तो काढला. पलंग, खिडकी, टेबल सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात, डागाच्या बरोबर वर, माझी निळी बादली.

मॅडमनी फोन हातात घेऊन फोटो मोठा केला. "बादली ओली असेल," त्या म्हणाल्या.

आता ही गोष्ट मला आधीच ठाऊक होती, कारण आदल्या रात्री मी तो डाग काढायचा प्रयत्न करून थकले होते आणि त्या निमित्ताने डागांबद्दल बरंच वाचलं होतं. लाकडी टेबलावर दोन तऱ्हेचे गोल पडतात. गरम किंवा ओलं भांडं ठेवल्यावर जो पांढुरका गोल दिसतो, तो वरच्या पॉलिशमध्ये अडकलेला ओलावा असतो. कापडावरून कोमट इस्त्री फिरवली तर बरेचदा निघून जातो. काळा गोल वेगळा. तिथे पाणी पॉलिश ओलांडून लाकडात उतरलेलं असतं, आणि लाकडातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई अशीच करायचे. म्हणजे त्या जागी कधीतरी, कुणीतरी, ओलं लोखंडी काहीतरी बरेच दिवस ठेवलेलं असणार. डबा, ट्रंकेचा कोपरा, काहीही.

"मॅडम, बादली प्लास्टिकची आहे," मी म्हटलं. "प्लास्टिकने काळा डाग पडत नाही." आणि टॅनिनचं सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मावशीसुद्धा झाडू थांबवून ऐकत होत्या. शेवटी मॅडम म्हणाल्या, "बरोबर असेल तुझं. पण माझ्याकडे कागद आहे, आणि कागदावर टॅनिन नाही."

बादलीला कडी लोखंडाची आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. ते मी बोलले नाही. कडी टेबलाला टेकतच नाही, पण तेवढं ऐकायला त्या थांबल्या असत्या असं वाटलं नाही.

डिपॉझिटमधून दोन गोष्टींची कपात झाली: भिंत आणि टेबल. भिंतीचं मला काही वाटलं नाही. ऑफिसात पावती घेताना मी विचारलं, म्हणजे हे टेबल आता बदलणार का? क्लार्क हसले. टेबल तिथेच राहणार होतं. पुढच्या वर्षीही त्याच्यासमोर 'ठीक' असंच छापून येणार होतं, कारण फॉर्म छापून झाले होते.

पुढची दोन वर्षं मी खोली ताब्यात घेताना फॉर्म बाजूला ठेवला, आधी खोलीत गेले, आणि कोपऱ्यातून भिंत धरून गोल फिरत प्रत्येक वस्तूचा जवळून फोटो काढला: कपाटाच्या आतून, गादीच्या खालून, टेबलाचा वरून, त्यावर काहीही न ठेवता. मग 'ठीक' खोडून जे दिसलं ते लिहिलं आणि खोडल्याच्या शेजारी ऑफिसची सही मागितली. रांगेतले लोक वैतागतात. वैतागू देत.

पण ते पुढचं. त्या दिवशी पावती घेऊन मी बॅगा न्यायला परत खोलीवर गेले. बाबा खाली गाडीपाशी खोकी मोजत होते, आठ झाली की नाही म्हणून हाका मारत होते. खोलीत आता फक्त हॉस्टेलच्या वस्तू उरल्या होत्या, यादीतल्या सातही. बादली हातात घेतली. मग ती खाली ठेवली, टेबलाचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला, आणि आतल्या फळीवर, सहज दिसणार नाही पण सामान लावताना नक्की दिसेल अशा जागी, पेन्सिलने लिहिलं: 'वरच्या काळ्या डागाचे पैसे भरून झाले आहेत. फॉर्मवर सही करण्याआधी मॅडमना दाखव.' खाली वर्ष घातलं आणि पावतीचा नंबर.